वरची पट्टी

"रिकामं दिसतंय," क्विन्टन बार्डस्ली म्हणाला आणि इमोजेन ट्रेलोअरने टेबलाखाली मूठ आवळली.

कौन्सिलच्या बैठकीच्या खोलीत, भिंतभर पडद्यावर, तिने वेबसाइटसाठी तयार केलेलं पुराचं पान उघडलेलं होतं. पांढरं, स्वच्छ. वर एकच प्रश्न: कुठला रस्ता बघायचाय? खाली हेरन्स बेंडमधल्या रस्त्यांची नावं, प्रत्येक नावाची ओळ चांगली उंच, म्हणजे जाडजूड बोटालाही चुकायला जागा नको. नावावर बोट टेकलं की तो रस्ता खुला की बंद ते मोठ्या अक्षरात समोर. एवढंच. नदी अंगणात शिरत असताना एका हातात कुत्र्याची साखळी आणि दुसऱ्या हातात फोन धरलेल्या माणसाला याहून जास्त काही नको असतं. इमोजेनला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. तिचा बाप त्याच नदीकाठी राहत होता.

"पुराचं पान आहे ते," ती म्हणाली. "लग्नाचा हॉल नाही."

"अगं पण एवढी पांढरी जागा बघून लोक म्हणतील, ह्यांनी काही केलेलंच नाही."

क्विन्टन प्रसिद्धी विभागाचा प्रमुख. माणूस तसा वाईट नव्हता, ऑफिसात कुणाचाही वाढदिवस असला तरी केक तोच आणायचा. पण मोकळी जागा दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. आणि तो एकटा असता तर निभावलं असतं. कौन्सिलमध्ये प्रत्येक खात्याला पहिल्या पानावर स्वतःचा चौकोन हवा असे. ग्रंथालयाला हवा, बागखात्याला हवा, पोहण्याच्या तलावाला तर दोन हवेत. कचऱ्याच्या गाडीचं वेळापत्रक पुराच्या पानावर कशाला, असं इमोजेनने विचारलं तर कचरा खात्याचा माणूस आठवडाभर तिच्याशी बोलला नव्हता.

"चेहरे हवेत," महापौर नोरीन लॅपवर्थ म्हणाल्या. "माणूस आधी माणसाचा चेहरा बघतो. वर छान फोटोंची पट्टी टाका. आपलं पूरपथक, आपला नवा पूल. लोकांना धीर येतो."

"फोटो जड असतो, नोरीन." इमोजेनने आवाज शक्य तेवढा खाली ठेवला. "नदीकाठी नेटवर्कची एक काडी असते, तीही असली तर. आधी यादी दिसेल. माणूस बोट पुढे करेल. तेवढ्यात वरून फोटो येऊन बसेल आणि अख्खी यादी खाली ढकलेल. बोट जातंय एका नावावर आणि टेकतंय दुसऱ्यावर. फोटो हवाच असेल तर निदान त्याची जागा सुरुवातीपासून मोकळी राखू या. मग काही हलणार नाही."

"म्हणजे फोटो येईपर्यंत वर पांढरी पट्टी?" क्विन्टनने नाक मुरडलं. "पान मोडलंय असं वाटेल." त्याने आधीच पट्टी घालून आणलेलं पान भिंतीवर उघडून दाखवलं. ऑफिसात जाडजूड केबल. डोळ्याची पापणी लवायच्या आत फोटो हजर. "बघ. कुठे काय हलतंय? माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय."

हे वाक्य या धंद्यात ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याला शोधून काढून नदीकाठच्या एखाद्या स्वयंपाकघरात जन्मभर कोंडून ठेवायला हवं, असं इमोजेनचं फार दिवसांपासूनचं मत होतं.

"मग चल ना नदीकाठी," ती म्हणाली. "डॅडच्या घरी उभा राहून बघ."

"बघू की. पुढच्या आठवड्यात जाऊ."

तो पुढचा आठवडा काही आला नाही. पट्टी मात्र आली.

इमोजेनचा बाप क्लेम ट्रेलोअर नदीकाठच्या सखल भागात राहायचा. दूध काढून काढून बोटं मुळ्यांसारखी जाड झालेली, आणि उमेदीची सगळी वर्षं पूरपथकाच्या नारंगी कपड्यांत गेलेली. पाण्यात गाडी घालू नका हे गावातल्या पोराटोरांना शाळेत जाऊन शिकवणारा माणूस तो. दर रविवारी इमोजेन त्याच्याकडे जेवायला जायची आणि नवीन काही केलं असलं की फोन त्याच्या हातात द्यायची. तेव्हा तिचा एक नियम असे. काय शोधायचं ते एकदा सांगायचं आणि मग गप्प. हात मागे बांधायचे, ओठ मिटायचे, माणूस चुकला तरी "तिथे नाही, इथे" म्हणायचं नाही. माणूस चुकला म्हणजे पान चुकलं. तिच्यासारख्या भडक डोक्याच्या बाईला हे गप्प बसणं म्हणजे शिक्षाच होती, पण ती ते करायची.

पट्टीसकट पान चालू झालं त्या रविवारी तिने फोन त्याच्या हातात दिला तोच मुळी चिडून. "हे बघा काय वाट लावलीय माझ्या पानाची."

क्लेम बघत राहिला. आधी यादी आली, मग बऱ्याच वेळाने वर फोटो येऊन बसला आणि यादी एक ओळ खाली घसरली. इमोजेनने ते बघितलं. क्लेमने बघितलं ते निराळंच. फोटोत पूरपथक उभं होतं, आणि कडेला क्लेम, आणि क्लेमच्या पायाशी त्याची कुत्री निप, कान उभे करून थेट कॅमेऱ्यात बघत.

"अगं, निप आहे," तो म्हणाला. "निपे, इकडे ये. बघ, कौन्सिलने तुझा फोटो लावलाय."

त्याने लगेच शेजारच्या थेल्मा रजला फोन लावला. मग मेव्हण्याला. आई गेल्यापासून इमोजेनने त्याला एवढं खूश झालेलं पाहिलं नव्हतं. ती सोमवारी कौन्सिलमध्ये आकाशपाताळ एक करणार होती. त्याऐवजी तिने क्विन्टनला एक साधा निरोप धाडला, की यादी सरकते, मी म्हटलं होतं. त्यावर एक हसरा चेहरा आला. तिने बापाचा खुललेला चेहरा आठवून तो विषय तिथेच सोडला, आणि पुढे याच गोष्टीचा तिला सगळ्यात जास्त राग आला.

मार्चमध्ये नदी आली. थेल्माच्या छातीत सकाळपासून दुखत होतं आणि अँब्युलन्स पलीकडच्या तीरावर अडकली होती. क्लेमने तिला पिकअपमध्ये बसवलं. निप सवयीप्रमाणे मागच्या हौद्यात उडी मारून बसली आणि त्याने सवयीप्रमाणे तिची साखळी अडकवली. मग फोन उघडून सॉमिल रोडवर बोट टेकलं. समोर भलामोठा हिरवा शब्द आला: खुला. खुला म्हणजे कौन्सिलचं माणूस आत्ताच स्वतः जाऊन बघून आलंय. एवढी वर्षं ते काम त्यानेच केलं होतं, त्यामुळे त्या शब्दावर त्याचा जेवढा विश्वास होता तेवढा पाद्रीबाबांवरही नव्हता.

वळणापुढे रस्त्यावर घोट्याएवढं पाणी पसरलेलं होतं. त्याखाली रस्त्याची मोरी वाहून गेली होती. पिकअप नाकावर कलंडली. पथकाच्या पोरांनी होडीतून येऊन दोघांना खिडकीतून ओढून काढलं, थेल्माचं खुब्याचं हाड मोडलं, आणि हौद्यातली निपची साखळी कुणाच्या हाताला लागली नाही.

"मी सॉमिलवरच दाबलं, इमी," इस्पितळात क्लेम म्हणाला. "हिरवं आलं." तो हे पुन्हा पुन्हा म्हणत होता. दुसऱ्या दिवशी त्याने म्हणणं बंद केलं, आणि ते तिला जास्त लागलं. निपचं नाव तर त्याने काढलंच नाही.

पाणी उतरायच्या आत कौन्सिलचं निवेदन त्याच पानावर, त्याच पट्टीखाली झळकलं. एका वयस्क चालकाने रस्ता बंद असल्याची सूचना डावलून वाहन पाण्यात घातले. नागरिकांनी असा बेजबाबदारपणा टाळावा. नाव नव्हतं. हेरन्स बेंडमध्ये नावाची गरज नव्हती. क्लब हॉटेलात लोक हसले. "काय क्लेम, पुढच्या वेळी पाणबुडी काढ," कुणीतरी म्हणालं, आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा ग्लास अर्धा ठेवून घर गाठलं. थेल्माच्या मुलाने त्याचा फोन उचलणं सोडलं.

रविवारी इमोजेन गेली तर टेबलावर मेव्हण्याकडून उसन्या आणलेल्या गाडीची चावी ठेवलेली.

"घेऊन जा," क्लेम म्हणाला. "त्याला परत दे. माझं डोकं गेलंय बहुतेक. वाचतो एक, कळतं भलतंच. उद्या आणखी कुणाला घेऊन बुडेन."

"डॅड, तुमचं डोकं ठिकाणावर आहे. ते पान सरकतं. मी दाखवते तुम्हाला."

"पोरी, तू माझी समजूत घालतेयस. पोरीने बापाला दिलेलं सर्टिफिकेट गावात चालतं का? राहू दे."

ती त्याच्या स्वयंपाकघरात खिडकीशी उभी राहिली, फोनवर एक काडी, आणि पान उघडलं. यादी आली. तिने सॉमिल रोडकडे बोट नेलं. फोटो धपकन वर येऊन बसला, यादी बरोबर एक ओळ खाली गेली, आणि तिच्या बोटाखाली सॉमिलच्या वरची ओळ आली, चर्च हिल रोडची. चर्च हिल टेकडीवर. तो रस्ता कधीच बुडत नाही, कधीच बंद नसतो. समोर भलंमोठं हिरवं "खुला", वर कौन्सिलचं बोधचिन्ह, आणि रस्त्याचं नाव तळाशी मुंगीएवढं, कारण नाव वर आणि मोठं असावं हे तिचं म्हणणं बोधचिन्हासाठी खोडून काढलं होतं. हौद्यात कुत्री, गाडीत कण्हणारी शेजारीण आणि दारात नदी असताना त्या मुंगीकडे कोण बघणार? इमोजेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे सगळं तिने त्या खोलीत बसून शब्दन् शब्द सांगितलं होतं.

सोमवारी ती थेट क्विन्टनच्या टेबलापाशी गेली.

"ती पट्टी काढ. आज. आणि ते निवेदन."

"इमोजेन, तुझं दुःख मी समजू शकतो," क्विन्टन म्हणाला. "पण नोंदीत सॉमिल बंदच होता. पान बरोबर होतं. ही वापरणाऱ्याची चूक आहे. काकांचं वय बघ ना."

"माझ्या बापाचं वय तुझ्या पट्टीला माहीत होतं का?"

"वकील म्हणतात आत्ता पानाला हात लावायचा नाही. हात लावला तर चूक कबूल केल्यासारखं दिसेल."

"म्हणजे अजून कुणी बुडेपर्यंत थांबायचं."

"तू उगाच टोक गाठतेस. हे बघ." त्याने आपल्या पडद्यावर पान उघडलं. "चालतंय की."

तिने टेबलावरचा त्याचा केकचा डबा उचलून भिंतीवर फेकला नाही, एवढंच. बाहेर येऊन गाडीत बसली आणि इतक्या शिव्या घातल्या की शेजारच्या गाडीतल्या बाईने काच वर केली. ओरडून उपयोग नाही हे तिला शिव्या घालतानाच कळत होतं. ती ओरडली तर चिडलेली लेक, क्लेम ओरडला तर भ्रमिष्ट म्हातारा. तिला येत होती ती एकच गोष्ट: फोन हातात द्यायचा, काय शोधायचं ते सांगायचं, आणि गप्प बसायचं.

पूर ओसरला की हेरन्स बेंडमध्ये सभागृहाच्या अंगणात सॉसेज भाजतात, बायका लॅमिंग्टन केक करून आणतात, आणि मग सगळे आत बसून कौन्सिलला धारेवर धरतात. सभागृह सखल भागातच आहे, उंच खांबांवर. खिडकीतून सॉमिल रोड दिसतो. त्या दिवशीही दिसत होता, तुटलेली मोरी, आडवे लावलेले नारंगी अडथळे, आणि अजून चिखलात असलेला कुंपणाचा खांब.

क्लेम यायला तयार नव्हता. इमोजेनने त्याला जवळजवळ बखोट धरून, मेव्हण्याच्या अजून परत न केलेल्या गाडीतून आणलं. तो शेवटच्या रांगेत, टोपी मांडीवर घेऊन बसला. थेल्माचा मुलगा त्याच्यापासून चार खुर्च्या सोडून बसला.

नोरीननी पथकाचे आभार मानले, मदतीचे आकडे सांगितले आणि विचारलं, कुणाला काही विचारायचंय? इमोजेन उठून पुढे गेली. क्विन्टनचा चेहरा उतरला.

"नोरीन, विचारायचं नाही. एक काम आहे. तुमचाच फोन घ्या. पुराचं पान उघडा आणि सगळ्यांना सांगा, सॉमिल रोड खुला आहे का."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "अगं, खिडकीतून बघ ना."

"पानावर बघू दे," इमोजेन म्हणाली. तिने हात मागे बांधले आणि ओठ मिटले.

डॅडच्या घरी ते पान दर खेपेला सरकलं नव्हतं. कधी फोटो आधीच यायचा. नोरीन चष्मा शोधत बसल्या तर फोटो येऊन जाईल, सॉमिल बंद दिसेल, आणि मग तिची नोकरी जाईल ती जाईल, पण क्लेम पुन्हा कधी गावात मान वर करणार नाही. नोरीननी आधी चष्मा लावला. मग फोन उघडला. त्या थांबल्या, कारण इथे काडी एकच होती. "चटकन दाबा" हे शब्द तिच्या दातांपर्यंत आले आणि तिने ते तिथेच चावून धरले. नोरीनचं बोट खाली गेलं.

त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि मोठ्याने, सवयीच्या भाषणाच्या आवाजात वाचलं, "खुला."

नोरीननी मान वर केली, खिडकीतून तुटलेल्या मोरीकडे बघितलं, पुन्हा फोनकडे बघितलं.

क्विन्टन घाईने पुढे आला. "नोरीन, तुम्ही चुकीच्या ठिकाणी दाबलंत."

"मी सॉमिलवरच दाबलं," महापौर म्हणाल्या. "हिरवं आलं."

हे शब्द कुठे ऐकलेत ते आठवायला थेल्माच्या मुलाला वेळ लागला नाही. इस्पितळाच्या दारात तो उभा होता तेव्हा क्लेम हेच बरळत होता, आणि त्याने पाठ फिरवली होती. तो उठला, चार खुर्च्या ओलांडून क्लेमच्या शेजारी येऊन बसला. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने आपला फोन काढला आणि तीही दाबून बघायला लागली. मग आणखी एकाने. "माझंही हिरवं," कुणीतरी म्हणालं. "माझं नाही आलं." "परत उघड. घाई कर, फोटो यायच्या आत." सगळं सभागृह माना खाली घालून बोटं टेकत होतं, आणि क्विन्टन मधोमध उभा राहून पुन्हा पुन्हा सांगत होता की ऑफिसात हे असं होत नाही. पाणबुडीवाला क्लब हॉटेलचा शहाणा खिडकीपाशी होता. तो बाहेर बघत राहिला.

"यादी सरकली," इमोजेन आता म्हणाली. "तुमचं बोट सॉमिलवरच गेलं, नोरीन. पानाने त्याखाली चर्च हिल आणून ठेवलं. मी हे तुम्हाला त्या खोलीत सांगितलं होतं. तुम्हाला पांढरी जागा नको होती. वर चेहरे हवे होते. आणि माझ्या बापाला तुम्ही बेजबाबदार लिहिलंत."

नोरीननी चष्मा काढला. त्या राजकारणातल्या होत्या, पण निर्ढावलेल्या नव्हत्या. "ते निवेदन आजच पानावरून काढून टाकू," त्या म्हणाल्या. "दुसरं मी स्वतः लिहीन. नाव घालून. क्लेम, माझी चूक झाली. मी तुझी माफी मागते."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. क्लेम टोपी हातात घेऊन सावकाश उभा राहिला. तो माफ केलं म्हणाला नाही. इमोजेनला त्याचं फार बरं वाटलं.

"चावी आण, इमी," तो म्हणाला. "घरी मीच चालवतो."

तिने खिशातून चावी काढून त्याला दिली. तो दारापर्यंत गेला आणि थांबून वळला.

"नोरीन, तो वरचा फोटो आत्ता काढा. आणि त्याची एक प्रत मला द्या, मोठी करून. निपचा तेवढा एकच आहे."